आधी पट्टीचा भाव विचारा

शुगर निघाल्याचा कागद घेऊन माणूस मेडिकलच्या काउंटरवर येतो तेव्हा त्याचं पहिलं वाक्य बहुतेक ठरलेलं असतं. "भाऊ, शुगरची मशीन पाह्यजे. सस्तीतली दाखवा." रिद्धपुरात औषधांचं दुकान चालवता चालवता हे वाक्य इतक्यांदा ऐकलं आहे की आता मी मशीन काढण्याआधी स्टूल पुढे सरकवतो आणि बसा म्हणतो. पुढच्या दहा-पंधरा मिनिटांच्या बोलण्यावर त्या घरचा कित्येक वर्षांचा खर्च ठरतो. मशीन वापरली जाणार की फळीवर धूळ खात पडणार, हेही तेव्हाच ठरतं.

मशीन आयुष्यात एकदा, फार तर दोनदा घ्यायची वस्तू. पाचशेपासून दीड हजारापर्यंत कुठेही मिळते. कधी पट्ट्यांच्या डबीसोबत फुकटही येते. खरा खर्च सुरू होतो तो पट्टीपासून. प्रत्येक मशीनला तिचीच पट्टी लागते, दुसऱ्या कंपनीची चालत नाही, आणि कित्येकदा त्याच कंपनीच्या दुसऱ्या मॉडेलचीही चालत नाही. 50 पट्ट्यांची डबी कुठे साडेचारशे-पाचशेला पडते, कुठे हजार-बाराशेला. म्हणजे रक्ताच्या एका थेंबामागे एका घरात नऊ-दहा रुपये जातात आणि दुसऱ्या घरात वीस-चोवीस. मशीन घेताना तीनशे रुपये वाचवणारा माणूस दोन-चार डब्यांतच ते सगळे गमावून बसतो, आणि पुढे परवडत नाही म्हणून तपासणंच सोडून देतो. हे मी फार पाहिलं. म्हणून मी सांगतो, आधी पट्टीचा भाव विचारा, मशीनचा नंतर.

यात पैशाखेरीज आणखी एक कारण आहे. साखर ओळखण्याचं सगळं काम पट्टीतच होतं. तिच्या टोकाशी रक्त लावलं की ते आपोआप आत ओढलं जातं. तिथे ग्लुकोज ऑक्सिडेजसारखं एन्झाइम वाळवून बसवलेलं असतं, त्याची रक्तातल्या साखरेशी प्रक्रिया होते आणि अगदी बारीक वीजप्रवाह तयार होतो. मशीन तो प्रवाह मोजते आणि त्याचा आकडा करून दाखवते. पट्टी बिघडलेली असेल तर कितीही भारी मशीन घेतली तरी तिचा आकडा खोटाच.

मी या धंद्यात उमेदवारी करत होतो तेव्हा घरात बसून साखर पाहायची सोय आमच्याकडे नव्हती. तेव्हाचे जुने लोक बेनेडिक्टची गोष्ट सांगत. परीक्षानळीत निळं द्रावण, त्यात लघवीचे थेंब, आणि खाली स्पिरिटचा दिवा. रंग निळाच राहिला तर ठीक. हिरवा, पिवळा, नारिंगी असा चढत चढत विटकरी झाला की साखर जबर. ती तपासणी लघवीची, म्हणजे शरीरात काही तासांपूर्वी काय झालं ते सांगणारी. बोटाच्या थेंबावरून साखर वाचणारं पहिलं यंत्र अमेरिकेत 1970 च्या सुमारास आलं. वजन किलोभराच्या वर, आणि विक्री फक्त डॉक्टरांना. रिचर्ड बर्नस्टाइन नावाच्या एका इंजिनिअरला लहानपणापासून मधुमेह होता. त्याची बायको डॉक्टर होती, तिच्या नावावर त्याने ते यंत्र मागवलं आणि दिवसातून कितीदा तरी स्वतःची साखर मोजून खाणं आणि इन्सुलिन यांचा मेळ बसवला. रोग्याने स्वतः साखर मोजावी हे तेव्हाच्या डॉक्टरांना पटेना, म्हणून पंचेचाळिशीत तो स्वतःच वैद्यकीय शिक्षणाला बसला. ही गोष्ट मी नव्या माणसाला आवर्जून सांगतो. मशीन आपल्या हातात असणं हा हक्क कुणीतरी भांडून मिळवलेला आहे, तेव्हा ती नीट वापरली पाहिजे.

आता हा रोग श्रीमंतांचा राहिलेला नाही. 2023 साली आयसीएमआरच्या मोठ्या पाहणीचे आकडे आले, त्यात देशात दहा कोटींवर माणसं मधुमेहाची निघाली. आमच्या काउंटरवर ती रोज दिसतात. संत्र्याच्या बागेत खपणारा असतो, कपाशी वेचणारी असते, एसटीचा कंडक्टर असतो, शाळेतल्या बाई असतात. "मले तं काईच होत नाई, मंग शुगर कशी निंगाली?" हा सगळ्यांचाच प्रश्न.

बसल्यावर मी दोन-तीन गोष्टी विचारतो. गोळ्यांवर आहात की इन्सुलिनवर? डॉक्टरांनी किती वेळा तपासायला सांगितलं? घरात बोट कोण टोचणार, आणि आकडा वाचणार कोण? गोळ्यांवरच्या माणसाला सहसा रोज टोचायची गरज नसते. त्याला पट्ट्या थोड्या लागतात, तेव्हा 25 ची छोटी डबी बरी. इन्सुलिनवाल्याचं गणित निराळं, त्याला दिवसातून दोन-चार वेळाही लागते. वयस्क जोडप्याला मोठ्या आकड्यांची मशीन हवी, ब्लूटूथ नसलं तरी काही अडत नाही. आणि काहींना तर मशीन घेऊच नका असंही मी सांगतो. मजुरीवर घर चालवणाऱ्या एका बाईंनी पदराच्या गाठीतून पैसे काढून समोर ठेवले होते. त्यांची साखर थोडीच चढलेली, औषध एकच गोळी. मी म्हटलं, ताई, तीस वर्षांवरच्या माणसांची शुगर उपकेंद्रात फुकट पाहतात, आशाताई तुमच्या ओळखीच्याच आहेत, तिथे जात जा. हे पैसे तीन महिन्यांची सरासरी सांगणाऱ्या एचबीएवनसी तपासणीला ठेवा. विक्री गेली, पण मला ते योग्यच वाटलं.

पट्टी गावात मिळते का, हा प्रश्न लोक विचारतच नाहीत. रिद्धपूर महानुभावांची काशी. थेट पंजाबातून पंथाचे लोक इथे दर्शनाला येतात. त्यांतल्या एका बाबांची पट्ट्यांची डबी प्रवासात संपली. मशीन चांगली होती, पण तिची पट्टी माझ्याकडे नव्हती, चांदूर बाजारात नव्हती आणि मोर्शीतही नाही. अमरावतीहून मागवेपर्यंत ते निघूनही गेले. ते पाहुणे होते, म्हणून एकदाच भागलं. इथल्या माणसाने अशी मशीन ऑनलाइन घेतली तर दर महिन्याला हेच. माझं सांगणं सरळ आहे. ज्या मशीनची पट्टी निदान दोन दुकानांत मिळते, ती घ्या.

याहून वाईट गोष्ट एका घरात झाली. मुलगा इंग्लंडात, त्याने प्रेमाने मशीन पाठवली. आईने बोट टोचलं, आकडा आला 11.2. घरात रडारड सुरू झाली. शुगर सत्तरच्या खाली गेली की धोका, एवढं त्यांना कुणीतरी सांगितलेलं, आणि इथे तर अकरावर आली. वाटीभर साखरेचं पाणी पाजायला निघाले होते. तेवढ्यात शेजारच्या पोराने मला फोन लावला म्हणून बरं. इंग्लंडात साखर मिलिमोलमध्ये मोजतात. त्या आकड्याला 18 ने गुणलं की आपला आकडा येतो, म्हणजे 11.2 झाले सुमारे 202. साखर कमी नव्हती, चढलेली होती. तेव्हापासून बाहेरून आलेली कुठलीही मशीन असो, आकड्याखाली काय छापलंय ते मी आधी पाहतो.

पट्ट्यांशी लोक कसे वागतात हे कळलं तेव्हा माझी बोलण्याची रीतच बदलली. एका आजीने पट्ट्या डबीतून काढून कुंकवाच्या जुन्या करंड्यात नीट रचून ठेवल्या होत्या. डबीचं झाकण त्यांना उघडत नव्हतं, बोटं वाकलेली. करंडा सोपा. पण त्या डबीच्या आत ओल शोषून घेणारा पदार्थ असतो, झाकण टक्क आवाज करून घट्ट बसतं ते त्यासाठीच. करंड्यातल्या पट्ट्या पावसाळ्यात दोन आठवडे उघड्या राहिल्या, त्यांचे आकडे कुठेच जुळेनात. आता मी मशीन दाखवताना डबीचं झाकण माणसाकडूनच उघडून घेतो. उघडलं नाही तर एकेक पट्टी वेगळ्या पाकिटात येते तशी दाखवतो, किंवा घरात दुसरं कोण उघडेल ते विचारतो. आणि डबी फोडली त्या दिवसाची तारीख पेनने तिच्यावरच लिहून देतो. कारण डबीवरची छापील मुदत न उघडलेल्या डबीची असते. उघडल्यावर कुठली तीन महिने टिकते, कुठली सहा, ते आतल्या कागदावर असतं. महिन्यातून चारदाच तपासणाऱ्याने भाव कमी म्हणून 100 पट्ट्या घेतल्या तर अर्ध्याहून जास्त वाया जातात.

आणि आमचा उन्हाळा. मे महिन्यात अमरावतीचा पारा 45 च्या पुढे जातो. बहुतेक पट्ट्या 30 अंशांच्या आत ठेवायच्या असतात, आणि मशीन चाळीसच्या आसपास हात टेकते. काहींच्या पडद्यावर थर्मामीटरचं चिन्ह येतं. लोक ती बिघडली म्हणून परत आणतात. ती बिघडलेली नसते, दुपारी मोटरसायकलच्या डिक्कीत तापलेली असते. फ्रिजमध्ये ठेवणं हा उपाय नव्हे, काढली की आत दव धरतं. जुन्या मातीच्या घराच्या आतल्या खोलीत, खालच्या कोनाड्यात ठेवावी आणि सकाळी उन्हं चढायच्या आत तपासावं. पत्र्याच्या घरात राहणाऱ्यांसाठी मी कंपनीच्या कागदावरचं तापमान वाचून मगच मशीन सुचवतो. चाळीसच्या थोडं पुढे चालणारी मशीन त्यांच्यासाठी पन्नास रुपये जास्त देऊन घेण्यासारखी आहे.

संत्र्याचा किस्सा तर मी सगळ्यांना सांगतो. अंबिया बहाराच्या तोडणीच्या दिवसांत बागेतला एक माणूस थेट दुकानात आला, घामाघूम. मशीनने तीनशेच्या वर आकडा दाखवला म्हणून चेहरा उतरलेला. "भाऊ, काल तं दीडशे होती. काहून वाढली असीन?" मी हात पुढे करायला सांगितला. बोटांच्या बेचक्यांत संत्र्याचा रस वाळलेला, नखांत पिवळं. स्पिरिटच्या बोळ्याने बोट पुसून तपासलं होतं, पण नुसत्या बोळ्याने साखर निघत नाही. मागच्या नळावर साबणाने हात धुवायला लावले, नीट कोरडे केले आणि दुसरं बोट टोचलं. आकडा आला 148. त्याच्या रक्तात काही बदललं नव्हतं, थेंबात संत्र्याची साखर मिसळली होती. या भागात जिथे हात नेहमी फळांत, गुळात नाहीतर पिठात असतात, तिथे पाच रुपयांच्या साबणाएवढं स्वस्त अचूकपण कुठलीही मशीन देऊ शकत नाही.

बोटांचंही तसंच. कपाशी वेचून आणि निंदण करून बोटांची टोकं जाड झालेली असतात. तिथे सुई लागत नाही, मग लोक दाबून दाबून रक्त काढतात. दाबल्याने रक्तात पेशींमधलं पाणी मिसळतं आणि आकडा चुकतो. बोटाच्या मधोमध टोचू नये, कडेला टोचावं. हात खाली सोडून थोडा हलवावा आणि टोचणीच्या पेनाचा क्रमांक एकेक वाढवत जावा. आणि सुई दुसऱ्या कुणाला देऊ नये, मग नवरा-बायको का असेनात. एकाच्या सुईतून दुसऱ्याला कावीळ ब जाऊ शकते. एका आळीत एकच मशीन आणि एकच सुई घरोघरी फिरत होती. ते थांबवायला मला सुया फुकट वाटाव्या लागल्या, आणि त्याचं मला मुळीच वाईट वाटत नाही.

"एका बोटाची 142, लगेच दुसऱ्या बोटाची 151. मशीन खोटी हाय." ही तक्रार दर आठवड्याची. ती खोटी नसते. आयएसओ 15197 या मानकानुसार शंभरच्या वरच्या आकड्यात मशीन 15 टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे चालते, शंभरच्या खाली 15 अंकांपर्यंत. 100 पैकी 95 वाचनं तरी या मर्यादेत यायला हवीत. खोक्यावर या मानकाचं नाव आहे का ते बघावं. आणि खात्री करायचीच असेल तर लॅबमध्ये उपाशीपोटी रक्त द्यायला जाताना मशीन सोबत न्यावी, शिरेतून रक्त काढलं की लगेच बोट टोचावं आणि दोन्ही आकडे शेजारी लिहावे. जेवणानंतर अशी तुलना करू नये, कारण तेव्हा बोटातल्या रक्तात शिरेपेक्षा साखर तशीच जास्त असते. रक्त कमी असलेल्या बायांच्या बाबतीत मात्र मी जास्त सावध असतो. हिमोग्लोबिन फार कमी असलं की पुष्कळ मशीन साखर फुगवून दाखवतात. उलट आपल्या विदर्भात सिकलसेल आहे, आणि त्या आजारात एचबीएवनसी फसवतो, खऱ्यापेक्षा कमी दाखवू शकतो. तिथे बोटाच्या थेंबाचाच भरवसा जास्त. ही गोष्ट घरच्यांनी डॉक्टरांच्या कानावर स्वतःहून घालावी, सिकलसेलचं कार्ड दाखवावं.

आकड्याचं काय करायचं हे मला एका महानुभाव साधूबाबांकडून उमगलं. त्यांना शुगर निघाली तेव्हा ते दुकानात आले. दंडवत प्रणाम झाला. डॉक्टरांनी दिलेला आहाराचा तक्ता पुढे ठेवून म्हणाले, भिक्षेत काय येईल ते माझ्या हातात नाही, मग हा कागद मी काय करू? त्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनी 25 पट्ट्यांची एक डबी घेतली. घाईने रोज एक टोचून ती संपवायची नाही असं त्यांनी ठरवलं होतं. ज्या दिवशी भिक्षेत भात जास्त येई त्या दिवशी जेवणाआधी एकदा आणि दोन तासांनी एकदा. भाकरी-भाजीच्या दिवशी तसंच. एकदा जेवून लगेच आडवं होऊन, एकदा जेवणानंतर गावाभोवती चक्कर मारून. वहीत सुबक अक्षरात सगळं लिहिलेलं. महिन्याने वही माझ्यासमोर ठेवली. भाताच्या दिवशी आकडा जवळजवळ शंभराने चढत होता, आणि त्याच भातानंतर चक्कर मारली तर तीस-चाळीसनेच. भिक्षा नाकारता येत नव्हती, पण ती किती वाढून घ्यायची आणि त्यानंतर चालायचं, हे त्यांच्याच हातात होतं. वही पाहून डॉक्टरांनी गोळीची वेळ बदलली. एकटा आकडा माणसाला नुसता घाबरवतो. आधीचा आणि नंतरचा असे दोन शेजारी ठेवले की काहीतरी करता येतं. मी आता प्रत्येक मशीनसोबत एक शाळेची छोटी वही देतो, पहिल्या पानावर चार रकाने आखून.

सगळ्यात कठीण गणित इन्सुलिनवरच्या मुलांचं. आमच्याकडच्या एका पोराला शाळेच्या वयातच टाइप वन निघाला. आई बागेत मजुरीला जाते. मोठ्या शहरातल्या दवाखान्यातून सुट्टी देताना महागड्या पट्टीची मशीन हातात दिलेली. दिवसाला चार तपासण्या, म्हणजे महिन्याला 120 पट्ट्या. बावीसच्या भावाने 2,640 रुपये होतात, दहाच्या भावाने 1,200. आईने पैसे पुरवायला दिवसाला एकच तपासणी ठेवली होती. अशा मुलाला रात्री साखर खाली गेली तर कुणाला कळणार? डॉक्टरांना विचारून आम्ही स्वस्त पट्टीची मशीन निवडली. मी पैसे वाचवायला सांगतो, पण अशा ठिकाणी डोळे मिटून नाही. आठवडाभर दोन्ही मशीन शेजारी ठेवून पाहिल्या, दोनदा लॅबशी जुळवल्या, विशेषतः शंभरच्या खालचे आकडे. जुळले, तेव्हाच बदलली. मग चार वेळा तपासणं परत सुरू झालं. एका पहाटे 58 आली, आईने तीन चमचे साखर पाण्यात घालून पाजली, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहिलं, तोवर 90 च्या पुढे गेली होती.

किमतींवर थोडी पकडही आली आहे. 1 जानेवारी 2021 पासून ग्लुकोमीटर औषध कायद्याखाली आला. जुलै 2021 मध्ये सरकारने त्याच्यावरच्या नफ्याला मर्यादा घातली, आणि 22 सप्टेंबर 2025 पासून मशीन आणि पट्टीवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्के झाला. डबी घेताना जुनी छापील किंमत देऊ नका, बिल मागा. मी स्वतः दुकानदार असून हे सांगतो. जनऔषधीच्या यादीतही ग्लुकोमीटर आहे, पण प्रत्येक केंद्रात तो असेलच असं नाही. तिथे जाऊन आधी पट्टी नेहमी मिळेल का ते विचारायचं.

हल्ली दंडाला चिकटवायच्या सेन्सरबद्दल विचारणा होते. दोन आठवडे टिकतो, बोट टोचावं लागत नाही, मोबाइलवर आलेख दिसतो. किंमत आमच्या गावाच्या मानाने फार आहे. टाइप वनच्या त्या पोरासाठी मामाने दहावीच्या परीक्षेच्या पंधरवड्यापुरता एक आणून दिला होता. त्या दिवसांतही त्याच्या दप्तरात मशीन आणि पट्ट्यांची डबी होती, कारण सेन्सरचा आकडा आणि अंगातली लक्षणं जुळली नाहीत तर बोट टोचून खात्री करायची, असं त्याच्या डॉक्टरांनी त्याला बजावलेलं आहे.